बॅटरीतलं पाणी

मेडशी, जि. अकोला
३ ऑगस्ट १९७८

दादा,
सप्रेम जयभीम.

हे पत्र मी लिहीत असले तरी विचारणारे आपल्या घरचे जवाई आहेत. पलीकडे खाटेवर पाठ करून पडलेत आणि कान इकडे आहेत. लग्नात तू त्यांच्या सायकलला खटारा म्हणालास, ते ह्यांनी अजून मनात धरून ठेवलंय. मेव्हण्याला गाडीचं विचारायचं म्हणजे नाक खाली होतं म्हणे. माझं नाक लहान आहे, मी विचारते.

ह्यांनी लष्कराच्या लिलावातली जुनी मोटारसायकल घेतली, हे तुला कळवलं होतंच. गुरांच्या दवाखान्यात स्टॉकमन माणूस, दिवसाला चार गावं करायची, एसटीच्या भरवशावर कसं होणार? गाडी चांगली आहे, पण चार-सहा मैल गेली की आधी हॉर्नचा आवाज बसतो आणि मग इंजिनच बंद पडतं. हेडलाइटवर जो चार्जिंगचा काटा आहे तो अधिककडे जातच नाही. कितीही रेस केली तरी उणेकडेच पडून असतो.

इथं गिरणीला लागून सेवालालचं बॅटऱ्या चार्ज करायचं दुकान आहे. तांड्यातला पोरगा, अकोल्याला गॅरेजमध्ये काम शिकून आला. म्हातारी आई सोडली तर घरचे सगळे दरवर्षी ऊस तोडायला जातात, हा मात्र दुकानाच्या जोरावर दोन वर्षं गावात टिकला. ह्यांची गाडी कुठं बंद पडली की तोच जाऊन बॅटरी खांद्यावर घेऊन येतो. पण असली जुनी गाडी त्यानं कधी उघडलेली नाही. तो म्हणाला, "ताई, तुमच्या भावाले इचारा, मी त्यायच्या सांगण्यानं करतो." तू मोठ्या वर्कशॉपात आहेस. नीट, समजेल असं लिही.

तुझी
भागिरथा


खडकी, पुणे
१२ ऑगस्ट १९७८

चि. भागिरथा,
अनेक आशीर्वाद. ग्यानबारावांना जयभीम सांग आणि सायकलीबद्दल मी माफी मागतो म्हणावं. खटारा होती ते मात्र खरं.

आता कामाचं. काटा उणेकडे म्हणजे गाडी खाते आहे आणि कमवत काही नाही. आधी डायनामो जिवंत आहे का ते बघा. त्याच्या दोन्ही तारा सोडवा, डायनामोची दोन्ही टोकं एका तारेनं जोडा, आणि तिथून गाडीच्या लोखंडापर्यंत मध्ये एक बल्ब लावा. गाडी सुरू करून हळूहळू रेस द्या. बल्ब उजळला तर डायनामो ठीक. नाही उजळला तर आत कार्बनचे दोन ब्रश असतात, ते झिजले असतील. ते घासतात ती तांब्याची गोल पट्टी बारीक पॉलिश कागदानं साफ करा.

दुसरं, बॅटरीची बुचं उघडून बघा. आतल्या पट्ट्या पाण्यात पूर्ण बुडालेल्या हव्यात. उघड्या पडल्या असतील तर पाणी घाला, पण विहिरीचं कच्चं पाणी नाही. उकळून काढलेलं चांगलं शुद्ध पाणी घालायचं. त्याला इंग्रजीत वेगळं नाव आहे, पण तुला त्यात गुंतवत नाही. पातळी कमी होऊ द्यायची नाही, एवढं लक्षात ठेव.

हे कुणाही हातोडीवाल्याकडून करून घेऊ नका. तुमचा तो सेवालाल कितपत आहे ते मला इथून दिसत नाही.

तुझा दादा
गोविंदा


मेडशी
२९ ऑगस्ट १९७८

दादा,
जयभीम. तुझं पत्र मी मोठ्यानं वाचत होते आणि सेवालाल करत होता. हे बाजूला उभे राहून आम्हा दोघांनाही रागावत होते.

बल्ब आधी उजळलाच नाही. डायनामो उघडला तर एक ब्रश इतका झिजलेला की नखाएवढा उरला होता. नवा अकोल्याहून आणायचा तर आठवडा गेला असता. सेवालालनं टॉर्चच्या जुन्या सेलमधली कार्बनची कांडी काढली, कानशीवर घासून घासून मापात आणली आणि बसवली. पुन्हा बल्ब लावला. रेस वाढवली तसा बल्ब असा पेटला की हे चक्क हसले. काटा अधिककडे गेला. तेव्हापासून गाडी थांबलेली नाही.

पाण्याचं तू सांगितलंस तसंच केलं, उलट जास्तच. आमच्या घरात पाणी उकळून प्यायची पद्धत नाही, आणि विहिरीच्या पाण्याला तर माझा भरवसाच नाही. ह्यांची शिरपूरला फेरी असते. तिथं जैन यात्रेकरूंच्या धर्मशाळेत पिण्याचं पाणी उकळून, दुहेरी फडक्यातून गाळून ठेवतात. त्याच्याहून शुद्ध पाणी सगळ्या मुलखात मिळायचं नाही. तिथले आचारी भले आहेत, ह्यांनी त्यांच्या म्हशीला औषध दिलं होतं. ते दर खेपेला बाटली भरून देतात. मी दर रविवारी बुचं उघडून स्वतः पातळी बघते आणि भरते. बालवाडीतल्या पोरांना दूध पाजावं तशी बॅटरीला पाजते आहे.

एकदा तरी शाबास म्हण.

भागिरथा


मेडशी
२ ऑक्टोबर १९७८

दादा,
तुझं उत्तर आलं नाही, कामात असशील. इकडे फार वाईट झालंय.

महिनाभर गाडी चांगली चालली. मग एक विचित्र सुरू झालं. सकाळी गाडी सुरू केली की काटा टुणकन अधिककडे जातो आणि थोड्याच वेळात शून्यावर येतो, जणू बॅटरीचं पोट भरलं. पण संध्याकाळी ठेवलेली गाडी सकाळी मेलेली असते. सेवालालनं दोनदा चार्ज करून दिली. दिवसभर टिकते, की पुन्हा तेच.

परवा जऊळक्याच्या बबनरावांचा निरोप आला, बैलाची पोटफुगी. हे तसेच निघाले. स्टेशनाच्या अलीकडे गाडी बंद पडली, ढकलूनही सुरू होईना. गाडी तिथंच सोडून हे पळत गेले. पोचले तेव्हा बैलानं प्राण सोडला होता. हे म्हणतात, थोडं आधी गेलो असतो तर सुई घालून हवा काढली असती आणि तो उठला असता. जोडीतला बैल गेला, आणि बबनराव भर चारचौघांत ह्यांना नको ते बोलले.

तेव्हापासून हे जेवत नाहीत, नीट बोलत नाहीत. गाडीकडे बघतात पण गाडीवर नजर ठरत नाही, कुणावर तरी राग काढायचा असतो तशी नजर फिरते. लवकर कळव, दोष कुठं आहे?

भागिरथा


खडकी
९ ऑक्टोबर १९७८

चि. भागिरथा,
तुझं पत्र वाचल्या वाचल्या लिहितो आहे.

चार्जिंग ठीक आहे. काटा झटक्यात वर जाऊन खाली येतो याचा अर्थ बॅटरी आतून गेलेली आहे, ती भरून घ्यायला तयार नाही आणि भरलेलं धरून ठेवत नाही. अशा शेकडो बॅटऱ्या मी बघितल्या आहेत. चांगली बॅटरी दोन महिन्यांत अशी होत नाही. हे ज्याच्या हातून गेली त्याचं काम आहे. चार्ज करताना त्यानं भेसळीचं अ‍ॅसिड घातलं असणार, नाहीतर रात्री तुमची बॅटरी दुसऱ्या कुणाच्या लाउडस्पीकरला भाड्यानं दिली असणार. जो माणूस टॉर्चच्या सेलचा कार्बन डायनामोत घालतो, त्याच्याकडून काय अपेक्षा करायची? ग्यानबारावांना स्पष्ट सांग, त्या सेवालालच्या हाती गाडी पुन्हा देऊ नका.

गोविंदा


मेडशी
२० ऑक्टोबर १९७८

दादा,
तुझं पत्र मी वाचायच्या आधी ह्यांनीच उघडून वाचलं. पहिल्यांदाच तुझं काही त्यांना पटलं. वाचलं आणि तडक बाजारात गेले.

मी मागून धावले. बाजाराचा दिवस, गिरणीसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. हे दुकानासमोर उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "हा सेवालाल अ‍ॅसिडात भेसळ करते. लोकायच्या बॅटऱ्या रात्री भाड्यानं देते. माह्यी गाडी यानंच मारली अन् बबनरावचा बैलही यानंच मारला." माझा मेव्हणा लष्कराच्या वर्कशॉपात आहे, त्यानं लिहून दिलंय, असं म्हणून तुझं पत्र हवेत धरलं.

सेवालाल दुकानाच्या पायरीवर उभा होता. त्यानं फक्त विचारलं, "भाऊ, मी असं कायले करीन?" हे काही ऐकायला तयार नव्हते. लाउडस्पीकरवाल्यांनी त्याच दिवशी आपापल्या बॅटऱ्या उचलून नेल्या. ट्रॅक्टरवाले दौलतराव तर म्हणाले, आम्हालाही शंका होतीच. त्यांना कसली शंका होती देव जाणे.

मला मात्र चैन पडेना. बॅटरी घरीच पडली आहे, म्हणून मी बुचं उघडून उजेडात धरली. आतलं पाणी गढूळ आहे आणि पट्ट्यांवर, बुचांच्या कडेनं पांढरं पापुद्र्यासारखं बसलंय. असलंच पांढरं आमच्या चहाच्या किटलीच्या तळाला बसतं, तेच पाणी रोज उकळून उकळून. तू सांगितलंस म्हणून मी शिरपूरचं उकळलेलं पाणी घालत होते. सेवालालनं त्यात कधी काही घातलं नाही, पाणी फक्त मीच घालत होते.

दादा, सरळ विचारते. हे माझ्या पाण्यानं तर झालं नाही ना? हो की नाही, एवढंच लिही. लवकर लिही.

भागिरथा


खडकी
३० ऑक्टोबर १९७८

चि. भागिरथा,
दिवाळीचे आशीर्वाद. रेल्वेनं जऊळका स्टेशनवर एक पार्सल पाठवलं आहे. त्यात नवी बॅटरी आहे, माझ्याकडून ग्यानबारावांना भेट समज. कोरडी आहे. अकोल्यात चांगल्या दुकानी अ‍ॅसिड भरून, पहिलं चार्जिंग पूर्ण करून मगच बसवा. सोबत पाण्याच्या दोन बाटल्या आहेत. यापुढे बॅटरीत फक्त हेच पाणी घालायचं, दुसरं कुठलंही नाही. संपलं की अकोल्यातून आणा.

जुनी बॅटरी फेकून द्या. झालं ते झालं. बाजारातल्या भांडणात तू पडू नको, बायकांनी अशा गोष्टींत बोलू नये. थंडी पडेल, तब्येत सांभाळ.

गोविंदा


मेडशी
८ नोव्हेंबर १९७८

दादा,
पार्सल मिळालं.

बाटलीवर डिस्टिल्ड वॉटर असं लिहिलंय. तुला वाटलं मला वाचता येणार नाही, पण मी सातवी पास आहे आणि दोन वर्षं इंग्रजीही शिकले. बालवाडीच्या बाईंच्या मुलाचं विज्ञानाचं पुस्तक आणून तो धडा बघितला. त्यात चित्रासह दिलंय. पाणी उकळलं की वाफ वर जाते आणि क्षार खाली राहतात. वाफ थंड करून जे पाणी मिळतं ते बॅटरीला लागतं. आम्ही वाफ सोडून दिली आणि खाली राहिलेलं, क्षारांनी दाट झालेलं पाणी फडक्यातून गाळून तिला पाजलं. क्षार फडक्याला अडत नाहीत. प्यायला ते पाणी उत्तम आहे, चूक त्या धर्मशाळेची नाही. मी एवढी काळजी घेतली नसती तर बॅटरी अजून जगली असती.

मी ऑगस्टमध्येच तुला लिहिलं होतं, कुठलं पाणी घालते ते. तू वाचलं नाहीस, की वाचून सोडून दिलंस? आणि आता मी हो की नाही विचारलं तर तू मिठाची गुळणी धरलीस आणि बाटल्या पाठवल्यास. तुझं नाव वर राहावं म्हणून एका माणसाचं दुकान गेलं. मला त्या इंग्रजी नावात गुंतवलं असतंस तर काय बिघडलं असतं?

ह्यांना मी सगळं सांगितलं. आधी तर ओरडलेच. सेवालालकडे चला म्हटलं तर म्हणाले, कोणत्या तोंडानं जाऊ? पण आता जाऊन उपयोगही नाही. सेवालालनं दुकान बंद केलं, मुकादमाची उचल घेतली आणि बायको गोमतीबाईला घेऊन टोळीबरोबर ऊसतोडीला निघून गेला. त्याच्या आईकडे, धनीबाईकडे, मी चौकशी केली. ती दारात उभी राहून बोलली, आत ये म्हणाली नाही. टोळी भिगवणच्या पुढे गेलीय, कारखान्याच्या जवळ.

भिगवण तुझ्यापासून किती लांब आहे ते तूच बघ.

भागिरथा


खडकी
२७ नोव्हेंबर १९७८

भागिरथा,
तुझ्या पत्राला उत्तर द्यायला धीर होत नव्हता, म्हणून आधी जाऊन आलो आणि आता लिहितो.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. ऑगस्टचं तुझं पत्र मी वाचलं होतं. शिरपूरच्या पाण्याची ओळही वाचली होती. तेव्हा मनात आलं, हे बरोबर नाही, कळवायला हवं. मग वाटलं, काय एवढं बिघडतंय, गाडी तर चालते आहे. ऑक्टोबरमध्ये बॅटरी गेल्याचं वाचलं तेव्हा मला लगेच उमगलं होतं. पण माझ्याच पत्रानं झालं हे लिहायला हात धजला नाही आणि मी त्या पोराचं नाव पुढे केलं. ग्यानबाराव बाजारात जातील असं वाटलं नव्हतं, असं म्हणून मी सुटत नाही. त्यांचा स्वभाव मला माहीत होता.

रविवारी भिगवणला गेलो. तिथून टोळी शोधत शेतं तुडवली. सेवालाल फडात ऊस तोडत होता, गोमतीबाई मोळ्या बांधत होती. मी तुझा भाऊ असं सांगितलं तर त्यानं कोयता खाली ठेवला, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. चूक माझी, बदनामी तुझी, असं म्हटलं. वर्कशॉपात माझ्या ओळखीनं कामाला लावतो असंही म्हटलं.

त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दादा, मी काही केलं नाही, हे मले ठाऊकच होतं. तुमी मले कायले सांगता? जिथं माह्यं नाव घेतलं, तिथं सांगा." एवढं बोलून त्यानं कोयता उचलला आणि पुन्हा तोडायला लागला. गोमतीबाईनं माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

मी तिथं उभा होतो, भागिरथा, आणि मला माझीच लाज वाटली. आयुष्यात कधी एवढी वाटली नव्हती. काय करायचं ते तू सांग. रजा मिळाली की मी येतो.

तुझा
गोविंदा


मेडशी
११ डिसेंबर १९७८

दादा,
जयभीम.

तुझं पत्र मी ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. सेवालालचं वाक्य आलं तेव्हा हे उठून बाहेर गेले. मी तुझ्या रजेची वाट बघायची नाही असं ठरवलं. बाजाराच्या दिवशी मी एकटीच निघाले. हे घरीच बसले होते.

गिरणीसमोर, जिथं हे तेव्हा उभे राहिले होते, तिथंच उभी राहिले. म्हटलं, मंडळी ऐका, त्या दिवशी इथं जे बोललं गेलं ते खरं नव्हतं. बॅटरी आमच्याच हातानं मेली. पाणी मी घातलं, चुकीचं घातलं, आणि भलत्याच माणसावर ढकललं गेलं. माणसं थांबली. दौलतराव हसले. एक जण म्हणाला, नवऱ्याऐवजी बाईले पाठवलं काय?

धनीबाई पलीकडे कोथिंबीर घेऊन बसली होती. ती उठली, माझ्यासमोर आली. मला वाटलं, आता शिव्या देईल आणि मी त्या घेईन. ती म्हणाली, "नाव घे ना बाई. तवा नाव घेऊन बोलले होते, आता काहून बिननावाचं?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून आवाज आला. हे कधी आले मला कळलंही नाही. टोपी हातात होती. एवढे मोठ्यानं बोलले की गिरणीवाल्यानंही पट्टा काढून गिरणी थांबवली.

"सेवालाल फुलसिंग आडे. त्यानं माह्या बॅटरीत काही घातलं नाही. कोणाची बॅटरी भाड्यानं देली नाही. बबनरावचा बैल त्यानं मारला नाही. त्याच्या नावानं इथं मी खोटं बोललो. मी, ग्यानबा इंगोले."

धनीबाई परत आपल्या जागेवर जाऊन बसली आणि कोथिंबिरीवर पाणी शिंपडायला लागली. तिनं माफ केलं की नाही, मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

घरी येताना हे नाल्याजवळ थांबले आणि म्हणाले, "पुढच्या बाजारी आणखी एकदा सांगतो. त्या दिवशी होते तेवढे लोक आज नव्हते."

तू रजा काढतोस तर त्याच बाजाराला ये. पत्र लिहिणारा तू होतास, तेव्हा तुझं नाव तुलाच घ्यावं लागेल.

तुझी
भागिरथा